वाईटपणा कोण घेणार?

नागपूरहून वर्ध्याकडे पॅसेंजरने निघालं की बुटीबोरीला बराचसा डबा रिकामा होतो, मग बोरखेडी जाते आणि नंतर सिंदी येतं. सरकारी कागदात या गावाचं नाव कंसासकट लिहितात: सिंदी (रेल्वे). कारण जिल्ह्यात दुसरी एक सिंदी आहे, वर्धा शहराला चिकटलेली सिंदी (मेघे). पत्रं चुकू नयेत म्हणून घातलेला हा कंस. पण दोन सिंद्यांमध्ये आणखी एक फरक आहे आणि तो पोस्टाच्या पलीकडचा आहे. मेघेवाल्यांकडे ग्रामपंचायत आहे, रेल्वेवाल्यांकडे नगरपरिषद.

म्हणजे काय? ग्रामपंचायतीच्या गावात वर्षातून किमान ४ ग्रामसभा घ्याव्याच लागतात. मतदारयादीत नाव असलेली कोणतीही बाई किंवा माणूस तिथे उभं राहून सरपंचाला विचारू शकतो की, त्या नालीचे पैसे कुठे गेले. गाव वाढलं, त्याची नगरपरिषद झाली, की हा हक्काचा दिवस जातो. नगरसेवक येतात, सभापती येतात, मुख्याधिकारी येतात, सर्वसाधारण सभा येते, आणि मतदारांची सभा तेवढी जाते. शहरांसाठी क्षेत्रसभा नावाची तरतूद कायद्यात आली खरी. ती कुठे भरलेली तुम्ही पाहिली असेल तर मला जरूर कळवा.

ग्रामसभेचे मी गोडवे गात नाही. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० माणसं लागतात, ती जमत नाहीत, सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेतात, हेही सगळ्यांना ठाऊक आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. पायरी चढताना आपण काय गमावलं याची कोणी तक्रार केल्याचं ऐकिवात नाही. दिवे आले, सिमेंटचे रस्ते आले, ले-आउट पडले, प्लॉटचे भाव चढले. सिंदीला ड्राय पोर्ट होणार म्हणून २०१७ मध्ये भूमिपूजन झालं. जिल्ह्यातून जो महामार्ग गेला त्याचं नावच समृद्धी.

वर्धा जिल्ह्याला समृद्ध म्हणणं कापूस पिकवणाऱ्या माणसाची थट्टा होईल, हे मला कळतं. शेतकरी आत्महत्यांच्या यादीत या जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं आहे. मी बोलतोय ते या जिल्ह्यातल्या आणि कोणत्याही जिल्ह्यातल्या त्या दोन-चार ओळींबद्दल, जिथे पगार किंवा पेन्शन महिन्याच्या महिन्याला जमा होतं, मुलगा पुण्याला असतो, मुलगी बंगळुरूला, दारात गाडी आणि गच्चीवर टाकी असते. म्हणजे माझ्याचसारख्यांबद्दल. लोकशाहीकडे पाठ फिरवायला वेळ आणि सवड लागते, आणि ती आमच्याकडेच आहे.

अशा लोकांना उदासीन म्हणायची पद्धत आहे. मला तो शब्द पटत नाही, आणि का पटत नाही हे सिंदीतच बघायला मिळतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. लाकडाचे बैल घेऊन लेकरं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून नागपूर-वर्ध्याकडे चालत आलेला हा सण. सिंदीचा तान्हा पोळा पंचक्रोशीत नावाजलेला आहे, शतकाहून जुना आहे, आणि तिथले नंदी लेकराच्या हातात मावणारे नसतात. माणसाच्या उंचीचे लाकडी नंदी चाकांवर ओढत आणतात. ते ठेवायचे कुठे, रंगवायचे कधी, ओढायचे कोणी, पाहुण्यांची सोय काय, हे ठरवायला कोणी जी.आर. काढत नाही. वर्गणी जमते, माणसं जमतात, भांडणं होतात, मिटतात आणि दरवर्षी सण पार पडतो. ज्या गावाला हे जमतं ते गाव उदासीन कसं म्हणायचं? जोर आहे, जमवाजमव आहे, हिशेब ठेवणारी माणसंही आहेत. नंदी आपला वाटतो आणि नगरपरिषद कोणाची तरी वाटते, एवढंच.

ती कोणाची तरी वाटते याचा पुरावा नुकताच चार वर्षं आपल्या डोळ्यांसमोर होता. २०२१-२२ पासून राज्यातल्या नगरपरिषदांच्या मुदती एकामागून एक संपत गेल्या. ओबीसी आरक्षणाचा वाद न्यायालयात अडकला होता, प्रभागरचना बदलत होती, निवडणुका पुढे जात होत्या. कारभार प्रशासकाकडे गेला. शेवटी ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं आणि २ डिसेंबर २०२५ ला २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींसाठी मतदान ठरलं. त्यात सिंदीही होती. काही ठिकाणचं मतदान २० डिसेंबरवर गेलं आणि निकाल २१ तारखेला लागले. मधल्या काळात लाखो लोकांच्या गावांना निवडून दिलेला एकही माणूस नव्हता. या चार वर्षांत तुमच्या चहाच्या टपरीवर किंवा लग्नाच्या पंगतीत कोणी म्हटलं का, की आमची निवडणूक कुठे आहे? इच्छुक उमेदवार म्हणत होते. बाकीच्यांची तक्रार नव्हती. उलट प्रशासक बरा, राजकारण नाही, असंही मी अनेकांच्या तोंडून ऐकलं. मुख्याधिकारी शिकलेला असतो, नीट बोलतो, आपल्यासारखा दिसतो. सुखवस्तू माणसाला लोकप्रतिनिधीपेक्षा अधिकारी जवळचा वाटतो आणि ही गोष्ट तो फारशी लपवतही नाही.

मतदानाच्या आकड्यांतही हे दिसतं. २०२४ च्या लोकसभेला गडचिरोली-चिमूरमध्ये मतदान ७२ टक्क्यांच्या घरात गेलं. नागपूर आणि पुणे ५४ च्या आसपास राहिले, कल्याण आणि दक्षिण मुंबई ५० वर थांबले. जिथे मतदान केंद्रापर्यंत जंगलातून चालत जावं लागतं आणि नक्षलवाद्यांच्या बहिष्काराच्या चिठ्ठ्या झाडांना लागलेल्या असत, तिथे माणसं गेली. जिथे लिफ्टने खाली उतरायचं होतं तिथे निम्मी वरच राहिली. तरी मी मतदानावर फार भर देणार नाही. लहान गावात नगरपरिषदेच्या निवडणुकीला आजारी म्हातारीलाही उचलून आणतात. प्रश्न मतदानाच्या दुसऱ्या दिवशी सुरू होतो.

मी एका नगरपरिषदेच्या गावात ले-आउटमध्ये राहतो. गावाचं नाव महत्त्वाचं नाही. आमच्या ओळीच्या तोंडाशी नाली तुंबलेली आहे आणि पहिल्या पावसात ते पाणी रस्त्यावर येतं. मागच्या पावसाळ्याआधी मी एक अर्ज लिहिला. अर्ध्या पानाचा, सभ्य भाषेतला, आरोप नसलेला. मग सह्या घ्यायला ओळीतल्या ११ घरांत फिरलो. सगळीकडे चहा मिळाला. पहिल्या घरी म्हणाले, तुम्ही पुढे व्हा, आम्ही पाठीशी आहोतच. दुसऱ्या घरी म्हणाले, त्या नगरसेवकाचा भाऊ माझ्या जावयाच्या ऑफिसात आहे, बरं दिसत नाही. तिसऱ्या घरी सूनबाई सही करायला पुढे आल्या तर सासरे म्हणाले, ‘‘असू दे, मी वाचून करतो,’’ आणि कागद चार दिवस तिथेच राहिला. सगळ्यांत लक्षात राहिलं ते सहावं घर. घरधन्यांनी अर्ज पूर्ण वाचला, भाषा चांगली आहे म्हणाले, खिशात हात घातला आणि विचारलं, ‘‘सही काहाले भाऊ? खर्च किती येते थे सांगा ना. आपल्याच पैशानं करून टाकू.’’

ते मनापासून बोलत होते. तान्ह्या पोळ्याला, गणपतीला, देवळाच्या कळसाला त्यांनी कधी मागेपुढे पाहिलेलं नाही. पैसे द्यायला त्यांना काहीच अडचण नव्हती. अडचण होती ती नावाची. वर्गणीच्या पावतीवर नाव असलं की चार माणसांत मान वाढतो. अर्जाखाली नाव असलं की चार माणसांत वाईटपणा येतो.

वाईटपणा हा आपल्या भाषेतला फार उपयोगी शब्द आहे. तो येतो, तो घ्यावा लागतो, तो दुसऱ्यावर ढकलता येतो. भाऊबंदांच्या वाटणीत कोणीतरी वाईटपणा घ्यावा लागतो, तेव्हा वाटणी होते. सोसायटीत पार्किंगवरून कोणीतरी वाईटपणा घेतो. आपण ज्याला नागरी धैर्य असं भारदस्त नाव देतो त्याचा घरगुती अर्थ एवढाच आहे. खाऊनपिऊन सुखी गावात लाठ्या क्वचित पडतात आणि गोळ्या त्याहून क्वचित. तिथे किंमत मोजायची ती उद्या सकाळी ज्याला राम राम घालायचा आहे त्याच्या चेहऱ्यावरच्या आठीची.

मग मी असा निष्कर्ष काढला होता की ज्याच्याकडे गमावण्यासारखं जास्त तो जास्त घाबरतो. समाधानकारक निष्कर्ष होता. तो इस्त्रीवाल्याने मोडला. नालीच्या अगदी काठावर त्याची टपरी आहे. मी परत येताना त्याने थांबवून विचारलं, ‘‘सर, माही सही चालते का?’’ तो आमच्या ले-आउटमध्ये राहत नाही. त्याची टपरी अतिक्रमणात आहे, कोणाच्या मनात आलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी उचलली जाईल. ११ घरांत मिळून जेवढं गमावण्यासारखं होतं त्याहून जास्त त्याच्या एकट्याकडे होतं. त्याने इस्त्री बाजूला ठेवली, हात पुसले आणि ठळक अक्षरात पूर्ण नाव लिहिलं.

का? तो दिवसाचे १० तास त्या वासात उभा असतो आणि त्याला दुसरीकडे जाता येत नाही.

अल्बर्ट हिर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये यावर एक छोटं पुस्तक लिहिलं, आणि योगायोग असा की त्याला हा विचार सुचला तो रेल्वेवरूनच. नायजेरियातली रेल्वे वाईट चालत होती. भुईमुगाची वाहतूक ट्रकने होऊ लागली. स्पर्धा आली म्हणजे रेल्वे सुधारेल, असं पुस्तकी अर्थशास्त्र सांगत होतं. ती सुधारली नाही. कारण जे व्यापारी ओरडले असते, वरपर्यंत तक्रार नेली असती, तेच आधी ट्रककडे वळले. मागे राहिले ते ज्यांच्या ओरडण्याला कोणी विचारत नाही. निघून जाण्याची सोय झाली की आवाज गप्प होतो, आणि आवाज गप्प झाला की उरलेल्यांसाठी गाडी आणखी बिघडते.

हे वाचल्यावर मी आमची ओळ नव्या नजरेने बघितली. नळाला पाणी दोन दिवसांआड येतं. आम्ही बोअर मारली. ते पाणी खारट, आम्ही आर.ओ. बसवला किंवा रोजचा कॅन लावला. वीज जाते, इन्व्हर्टर आहे. सरकारी शाळेकडे आम्ही वीस वर्षांत फिरकलो नाही. ग्रामीण रुग्णालय आहे, पण ताप दोन दिवस उतरला नाही की आम्ही नागपूर गाठतो. एकेक करून आम्ही गावातून निघून गेलो आहोत आणि राहायला तिथेच आहोत. यातला एकही निर्णय चुकीचा नव्हता. आजारी बापाला नागपूरला नेणाऱ्याला कोण नावं ठेवेल? पण सगळ्यांचे बरोबर निर्णय एकत्र केले की गावाचा दवाखाना विचारणारं कोणी उरत नाही.

दारूचंही तेच. १९७४ पासून वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून. कागदावर ती पन्नाशी ओलांडून गेली. दारू कुठे मिळते हे प्रत्येक गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. त्याविरुद्ध गावोगाव कोण उठलं? मजुरी करणाऱ्या बाया. हातात काठ्या घेऊन भट्ट्यांवर गेल्या त्या त्याच, कारण संध्याकाळी मार त्यांच्याच पाठीवर पडणार होता. सुखवस्तू घरातली बाटली हद्दीपलीकडून, नागपूर जिल्ह्यातून, गाडीच्या डिकीत येते आणि कपाटात जाते. सिंदीहून ती हद्द फार लांब नाही. बंदी उठवा म्हणायला हे घर पुढे येत नाही आणि बंदी पाळा म्हणायलाही येत नाही. एवढी सोयीची बंदी दुसरी नसेल.

तर सुखाबरोबर भ्याडपणा आपोआप येतो असं मला म्हणायचं आहे का? तसं म्हटलं तर वर्ध्यानेच खोटं पाडलं असतं. या जिल्ह्यातल्या बड्या श्रीमंतांपैकी एक होता जमनालाल बजाज. १९२१ मध्ये त्याने रायबहादूर ही पदवी परत केली. जुलै १९२८ मध्ये स्वतःच्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना उघडं केलं आणि जातभाईंचा रोष घेतला. माझ्या विषयासाठी मात्र १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह जास्त कामाचा आहे. राष्ट्रीय निशाण घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जायला बंदी होती. माणसं रोज जात होती, रोज पकडली जात होती. जमनालालजींना तुरुंगवास झाला आणि ३,००० रुपये दंड. दंड त्यांनी भरला नाही म्हणून सरकारने त्यांची मोटार जप्त करून लिलावात काढली. नागपुरात तिच्यावर बोली लावायला कोणी पुढे येईना. शेवटी ती काठेवाडात नेऊन विकावी लागली, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलेलं आहे.

तुरुंगात गेलेल्याबद्दल आपण खूप बोलतो. मला त्या लिलावाला हजर असलेल्यांबद्दल कुतूहल आहे. १९२३ साली मोटार घेऊ शकणारी माणसं म्हणजे वकील, मालगुजार, व्यापारी, कंत्राटदार. सरकारशी रोजचा संबंध असलेली. मोटार स्वस्तात मिळत होती. त्यांच्यातले किती काँग्रेसवाले होते कोण जाणे, बहुतेक नसतीलच. त्यांनी घोषणा दिल्या नाहीत, झेंडा धरला नाही. त्यांनी फक्त बोली लावली नाही. कारण बोली लावली असती तर दुसऱ्या दिवशी इतवारीच्या बाजारात तोंड दाखवायची लाज वाटली असती. म्हणजे त्या गावात तेव्हा वाईटपणा दुसऱ्या बाजूला होता. आज अर्जावर सही करणाऱ्याला तो येतो. तेव्हा तो मोटार घेणाऱ्याला आला असता. धैर्याचा साठा त्या पिढीत जास्त होता असं मला वाटत नाही. लाज कशाची वाटावी याचा हिशेब निराळा होता.

हा हिशेब किती लवकर उलटतो तेही आपण बघितलं आहे. आणीबाणीत पवनारला विनोबांनी मौनात असताना ‘अनुशासन पर्व’ हे शब्द लिहिले. त्यांच्या मनात नेमका कोणता अर्थ होता यावर त्यांचे अनुयायी अजून वाद घालतात. सरकारने मात्र वाद घातला नाही, शब्द उचलले आणि वापरले. मध्यमवर्गाला ते आवडलेही, गाड्या वेळेवर धावत होत्या. आणीबाणीच्या पहिल्याच वर्षी डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गा भागवत उभ्या राहिल्या. समोर केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण होते, मांडव त्यांच्याच गावचा होता, पाहुणचार उत्तम होता. बाईंनी तुरुंगातून आजारी होऊन सुटलेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला सगळ्यांना उभं केलं. पुढे १९७६ मध्ये त्यांना अटक झाली. यजमानाच्या मांडवात वाईटपणा घेणं आपल्या संस्कृतीत सर्वांत अवघड, आणि बाईंनी नेमकं तेच केलं. मांडवातले बाकीचे लेखक नंतर कित्येक वर्षं आपण तिथे होतो हे अभिमानाने सांगत.

एकट्याने घेतलेल्या वाईटपणाचा शेवट कसा होऊ शकतो, तेही सांगायला हवं, नाहीतर हा लेख आरामखुर्चीतला उपदेश होईल. पुण्याजवळचं तळेगाव दाभाडे हे नगरपरिषदेचं, द्रुतगती मार्गाने जमिनीचे भाव गगनाला नेलेलं, खाऊनपिऊन सुखी गाव. तिथे सतीश शेट्टी माहितीच्या अधिकारात जमिनींचे व्यवहार खणत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला निघाले असताना त्यांची हत्या झाली. त्यांनी मागितलेले कागद जर ४० जणांनी वेगवेगळे मागितले असते तर कोणाला मारून काम झालं असतं? वाईटपणा वाटून घेतला की त्याचं वजन कमी होतं, हे साधं गणित आहे. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) हे छोटं गोंड गाव निर्णय सर्वसहमतीने घेतं. वेळ फार लागतो, पण एकदा ठरलं की कोणा एकाला पकडता येत नाही. २०११ मध्ये केंद्रीय मंत्री त्या गावात आले आणि स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचे वाहतूक परवाने गावाच्या हाती दिले, त्यामागे अशी अनेक वर्षांची बसून बोलण्याची सवय होती. आमच्या ले-आउटमधल्या कोणत्याही घराचं उत्पन्न त्या गावातल्या घरापेक्षा कितीतरी पट आहे. आम्ही मात्र अजून एकदाही एकत्र बसलेलो नाही. व्हॉट्सॲपचा ग्रुप आहे, त्यावर सुप्रभात येतं.

अर्जाचं पुढे काय झालं ते सांगतो. एकूण ५ सह्या झाल्या: माझी, बायकोची, इस्त्रीवाल्याची, भाड्याने राहणाऱ्या एका नर्सबाईंची आणि तिसऱ्या घरच्या सूनबाईंची, जी सासऱ्यांनी कागद परत पाठवला तेव्हा त्यावर आधीच होती. अर्ज दिला, पोच घेतली. नालीचं काम गेल्या वर्षीच झालेलं आहे, असं तोंडी उत्तर मिळालं. आता त्या कामाचं मोजमाप पुस्तक आणि देयक मागायचं आहे. अर्ज १५० शब्दांत बसवायचा, एकच विषय ठेवायचा आणि १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, एवढंच काम आहे. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. माहितीच्या अर्जावर नाव एकाचंच असतं, म्हणून आम्ही पाचजण पाच अर्ज करणार आहोत. सहाव्या घरच्या भाऊंकडे मी पुन्हा जाणार आहे. या वेळी मी त्यांच्याकडे १० रुपयेच मागणार आहे, आणि स्टॅम्पखाली त्यांचं नाव.